गडचिरोली जिल्हा

महाराष्ट्राच्या पूर्व टोकाचा वनप्रधान जिल्हा. 26 ऑगस्ट 1982 रोजी चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन तो अस्तित्वात आला. क्षेत्रफळ 14,412 चौ. किमी.; लोकसंख्या 10,72,942 (2011). म्हणजे दर चौरस किलोमीटरमागे जेमतेम 74 माणसे. तालुके 12.

जिल्ह्याच्या सीमा बऱ्याच अंशी नद्यांनीच आखल्या आहेत. पश्चिमेकडून वैनगंगा वाहते. चपराळ्याजवळ तिला वर्धा मिळते आणि पुढचा प्रवाह प्राणहिता म्हणून ओळखला जातो. प्राणहिता सिरोंचाजवळ गोदावरीत जाते. पलीकडे तेलंगण असल्याने सिरोंच्याच्या बाजारात मराठीपेक्षा तेलुगू अधिक कानी पडते. पूर्वेला बस्तरमधून इंद्रावती येते. भामरागडला इंद्रावती, पर्लकोटा आणि पामुलगौतम यांचा संगम आहे. त्यामुळे पावसाळ्यात पर्लकोटा फुगली की पूल बुडतो आणि तालुक्याचा संपर्क तुटतो.

जिल्हा एक असला तरी त्याचे जगणे दोन तऱ्हांचे आहे. उत्तरेकडील आरमोरी, देसाईगंज, कुरखेडा हा झाडीपट्टीचा, धानाचा मुलूख. येथे भातखाचराला ‘बांधी’ म्हणतात, लावणीला ‘रोवणी’. सिंचनाची भिस्त जुन्या मालगुजारी तलावांवर, म्हणजे बोलीतल्या ‘मामा तलावां’वर, आणि बोड्यांवर, म्हणजे लहान तळ्यांवर. धान घरात आले की झाडीपट्टी रंगभूमीची नाटके सुरू होतात. त्यांचे माहेर देसाईगंज, अर्थात वडसा. दक्षिणेकडील एटापल्ली व भामरागड हे मुख्यतः माडिया गोंडांचे तालुके. जिल्ह्यात अनुसूचित जमातींचे प्रमाण सुमारे 39 टक्के आहे. चामोर्शी व मुलचेरा तालुक्यांत पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांची गावेही आहेत.

शेती एका पिकाची आणि पावसावरची. तेव्हा वर्षाचा हिशेब जंगलाशिवाय जुळत नाही. उन्हाळ्याच्या तोंडी मोहफुले, मे महिन्याच्या सुमारास तेंदूपत्ता, शिवाय बांबू, डिंक, चारोळी. तेंदूच्या हंगामात अख्खे घर पहाटेच रानात असते. पाने मोजून पुडे बांधायचे आणि फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर, नेऊन द्यायचे. या मालावर हक्क कोणाचा, हा येथल्या अर्थकारणातला जुना वाद. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाने तो ऐरणीवर आणला. 2006च्या वनहक्क कायद्याखाली गावाला 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, तरी तोडलेला बांबू बाहेर नेण्याचा परवाना ग्रामसभेच्या हाती येण्यास एप्रिल 2011 उजाडला. हक्काचा कागद आणि वाहतुकीचा परवाना या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे गावाने अनुभवले. पुढे अनेक ग्रामसभांनी तेंदूचे लिलाव स्वतःच करायला सुरुवात केली.

एटापल्ली तालुक्यातील सुरजागडच्या डोंगरात लोहखनिजाचे मोठे साठे आहेत. उत्खनन सुरू झाल्यापासून रोजगार आला. त्याचबरोबर जड वाहनांची वर्दळ आणि जंगलतोडीबद्दलच्या तक्रारीही आल्या. नक्षलवादी हिंसाचाराची झळ जिल्ह्याने 1980च्या दशकापासून सोसली आहे.

आरोग्याच्या क्षेत्रात दोन कामे देशभर परिचित आहेत: हेमलकसा येथील लोकबिरादरी प्रकल्प (1973) आणि डॉ. अभय व राणी बंग यांची ‘सर्च’ संस्था. गावातच नवजात बाळांची काळजी घेण्याची ‘सर्च’ची पद्धत पुढे राष्ट्रीय धोरणात आली. गोंडवाना विद्यापीठ 2011 मध्ये स्थापन झाले.

चामोर्शी तालुक्यातील मार्कंडा येथे वैनगंगा उत्तरवाहिनी होते. तेथील प्राचीन शिल्पसमृद्ध मंदिरसमूहाला विदर्भाचे खजुराहो म्हणण्याची रीत आहे, आणि महाशिवरात्रीला मोठी यात्रा भरते.