बागुलबुवा सुटतो, बाप्पा राहतो

खडक टोकदार का असतात? डेबोरा केलेमन या अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ बाईंनी सात-आठ वर्षांच्या मुलांना हे विचारलं आणि निवडायला उत्तरंही दिली. एक उत्तर असं, की मातीचे बारीक कण वर्षानुवर्षं एकावर एक साचत गेले, म्हणून. दुसरं असं, की जनावरांना अंगाला खाज सुटली तर घासता यावं, म्हणून. मोठ्यांनी पहिलं उत्तर निवडलं आणि मुलांचा कल दुसऱ्याकडे होता. केलेमन यांच्याच दुसऱ्या एका अभ्यासात त्याहून लहानग्यांनी ढग 'पाऊस पाडायला' आणि सिंह 'प्राणिसंग्रहालयात जायला' असतात असंही सांगून टाकलं.

हे दोन्ही अभ्यास १९९९ सालचे. त्यांचं सार असं, की लहान मुलाच्या लेखी प्रत्येक गोष्ट कशासाठी तरी असते. खुर्ची बसायला, चमचा जेवायला, मग डोंगर चढायला आणि नदी पोहायला का नाही? आणि कशासाठी तरी असलेली गोष्ट म्हटली, की ती कुणीतरी केलेली असणार, हे ओघानंच आलं. 'मुलं उपजत आस्तिक असतात का?' असा प्रश्न केलेमन यांनी २००४ मध्ये उघडच मांडला.

मोठ्यांनी यावर हसू नये. २०१३ मध्ये केलेमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या नामांकित विद्यापीठांमधल्या शास्त्रज्ञांना गाठलं. विचार करायला अवधी न देता झटपट उत्तरं मागितल्यावर 'प्राण्यांना श्वास घेता यावा म्हणून झाडं ऑक्सिजन सोडतात' अशा धर्तीच्या चुकीच्या विधानांना हीच मंडळी जास्त वेळा 'बरोबर' म्हणून मोकळी झाली. म्हणजे शिक्षणानं ही खोड जात नाही, झाकली जाते.

मुलांच्या डोक्यातल्या देवाचा शोध त्याच्या कितीतरी आधी सुरू झाला होता. १९२०च्या दशकात मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे स्वित्झर्लंडमधल्या मुलांना विचारत असत, सूर्य कसा झाला, तळं कुणी केलं? उत्तरं मिळत ती अशी, की तळं माणसांनी खणलं, सूर्य कुणीतरी पेटवला. पियाजेंचा तर्क होता, की लहान मुलाला आई-वडीलच सर्वशक्तिमान वाटतात. पुढे बाबांनाही सगळं येत नाही हे कळतं, आणि रिकाम्या झालेल्या जागेवर देव जाऊन बसतो. त्यामुळे मुलाचा देव म्हणजे फार तर एक मोठा माणूस, असा समज बरीच वर्षं चालला.

मानसशास्त्रज्ञ जस्टिन बॅरेट यांनी २००१ मध्ये तो तपासायला एक साधा खेळ रचला. खाऱ्या बिस्किटांचा खोका मुलासमोर ठेवायचा. आत काय आहे? बिस्किटं! मग खोका उघडून दाखवायचा, तर आत दगड. खोका बंद करायचा आणि विचारायचं, 'तुझ्या आईनं हा बंद खोका पाहिला तर आत काय आहे असं तिला वाटेल?' तीन-चार वर्षांची बहुतेक मुलं म्हणतात, 'दगड.' आपल्याला ठाऊक आहे ते सगळ्यांनाच ठाऊक असतं, असं या वयात वाटतं. पाच-सहा वर्षांची पोरं मात्र शहाणी झालेली असतात. आईनं आत पाहिलेलंच नाही, मग ती बिस्किटंच म्हणणार. आता प्रश्न येतो देवाचा. देवाला काय वाटेल? इथे मोठी मुलंही म्हणाली, 'दगड.' त्याला माहीत असणारच.

गंमत बघा. आई चुकू शकते हे मुलाला शिकावं लागतं. देवाच्या बाबतीत नवं काही शिकायची गरजच पडत नाही, आधीचंच उत्तर पुढे चालू राहतं. बॅरेट यांचा दावा इथूनच आला, की सर्वज्ञ देवाची कल्पना मुलाच्या मनाला सोयीची आहे, पियाजे म्हणत तितकी ओबडधोबड नाही.

दावा आकर्षक आहे, पण जरा जास्तच गुळगुळीत. हा अभ्यास होता देवाचं नाव घरात रोज निघणाऱ्या ख्रिस्ती कुटुंबांमधल्या मुलांचा. २०१० मध्ये जोनाथन लेन आणि सहकाऱ्यांनी असाच प्रयोग बारकाईनं केला, तेव्हा मधला एक टप्पा सापडला. आईला आतलं कळणार नाही हे नुकतंच उमगलेली मुलं देवालाही तोच नियम लावत होती. बघितलंच नाही, तर देवाला तरी कसं कळेल? देवाचं ज्ञान वेगळं असतं, हे त्यांना नंतर उमगत गेलं.

'मुलं जन्मतःच देव मानतात' ही बातमी दोन्ही बाजूंना आवडते. भाविक म्हणतात, बघा, श्रद्धा रक्तातच आहे. नास्तिक म्हणतात, बघा, देव म्हणजे पोरकटपणा. मला दोघांचीही घाई वाटते, आणि त्याचं कारण आहे मानूस बेटावरचा एक जुना अभ्यास.

मानववंशशास्त्रज्ञ मार्गारेट मीड १९२८-२९ मध्ये, आज पापुआ न्यू गिनीत असलेल्या या बेटावर राहिल्या. तिथल्या मोठ्या माणसांचं जग भुताखेतांनी भरलेलं. मेलेल्या वडिलांची कवटी घरात टांगलेली असे, आणि त्यांचा आत्मा घरच्यांच्या वागण्यावर नजर ठेवून असे. कुणी आजारी पडलं की आत्म्याची नाराजी शोधायची. अशा घरातली मुलं तर आत्म्याशिवाय बोलणारच नाहीत, असं वाटेल. मीड यांनी विचारलं, नाव वाहून गेली, तर ती नाव वाईट आहे का? मुलांचा रोख असा, की नाव कशाला वाईट असेल, बांधणाऱ्यानं नीट बांधली नाही! निर्जीव वस्तूत जीव पाहणं, प्रत्येक घटनेमागे कुणाची तरी इच्छा शोधणं, असं काही त्या पोरांमध्ये सापडलं नाही. ते होतं त्यांच्या आईबापांमध्ये. पोहणं, नाव हाकणं ही मुलं चालू लागल्यापासून शिकत आणि आत्म्यांच्या भानगडीत त्यांना फारसं कुणी ओढत नसे.

म्हणजे मनाचा कल असला, तरी देव त्यातून आपोआप उगवत नाही. तो सांगावा लागतो, आणि नुसता सांगूनही भागत नाही. आपल्याकडे तीन वर्षांच्या पोराला एकाच दिवसात बाप्पाही सांगतात आणि बागुलबुवाही. दोघंही न दिसणारे, दोघांचंही लक्ष आपल्यावर. आठव्या-नवव्या वर्षी बागुलबुवा निकालात निघतो, बाप्पा राहतो. का?

अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ जॅकलिन वूली आणि सहकाऱ्यांनी याच्या जवळ जाणारा प्रयोग केला. बालवाडीतल्या मुलांना त्यांनी एक नवीकोरी चेटकीण सांगितली. हॅलोविनच्या रात्री ती येते, गोळ्या-चॉकलेटं घेऊन जाते आणि बदल्यात खेळणं ठेवते. काही घरी आई-वडिलांनी संगनमतानं रात्री खरंच अदलाबदल केली. त्या घरांतली मुलं चेटकिणीवर जास्त ठाम होती, आणि वर्षभरानंतरही अनेकांचा विश्वास टिकून होता. मोठ्यांचे शब्द आणि मोठ्यांची कृती जुळली, की मुलांच्या लेखी तो पुरावाच.

जोसेफ हेन्रिक या मानववंशशास्त्रज्ञांनी हेच सूत्र २००९ मध्ये मांडलं. माणूस काय बोलतो यापेक्षा त्यापायी काय झिजवतो, हे बघून शिकणारे त्याच्यावर विश्वास टाकतात. बागुलबुवासाठी आजी कधी उपास धरत नाही. त्याला भिऊन बाबा कधी चप्पल बाहेर काढत नाहीत. बाप्पासाठी मात्र मखर होतं, एकवीस मोदक होतात, ऑफिसातून रजा निघते. पोर हे सगळं बघत असतं.

आणि ते बारकाईनं बघतं. मानसशास्त्रज्ञ पॉल हॅरिस यांच्या गटाला असं आढळलं, की मुलांना देवापेक्षा रोगजंतूंबद्दल जास्त खात्री असते, आणि दिसत तर दोन्ही नाहीत. हॅरिस यांनी सुचवलेलं एक कारण मला पटतं. 'माझा जंतूंवर विश्वास आहे' असं कुणी म्हणत नाही, नुसतं 'हात धू' म्हणतात. देवाबद्दल बोलताना मात्र 'मानतो', 'विश्वास आहे' हे शब्द हमखास येतात, आणि जिथे मानावं लागतं तिथे न मानणारेही असणार, हे मूल ताडतं.

नामदेवांच्या बालपणाची कथा आपल्याला पाठ आहे. वडिलांच्या गैरहजेरीत नैवेद्य घेऊन गेलेला पोर विठ्ठलासमोर अडून बसतो, खा म्हणून. घरात रोज ऐकलेलं त्यानं शब्दशः घेतलं होतं. पण शब्दशः घेणं हा मुलांचाच मक्ता आहे, असंही नाही. बॅरेट यांनी १९९० च्या दशकात आधी अमेरिकेत आणि मग भारतातल्या हिंदूंबरोबर मोठ्या माणसांची परीक्षा घेतली. देव सर्वव्यापी आहे, एकाच वेळी सगळीकडे असतो, असं ही माणसं विचारल्यावर सांगत. मग त्यांना देवाच्या छोट्या गोष्टी ऐकवल्या आणि पुन्हा सांगायला लावल्या, तेव्हा त्यांच्या तोंडी देव एक काम उरकून दुसऱ्याकडे वळू लागला, मुळात गोष्टीत तसं नसतानाही.