एनर्जी जेल घेताना पाकिटं नको, ग्रॅम मोजा

एनर्जी जेल म्हणजे लांब पळताना किंवा सायकल चालवताना पाकिटातून घ्यायचा घट्ट गोड पाक. आमच्या दुकानाच्या काउंटरवर त्याबद्दल आधी चव विचारली जाते, मग किंमत. दोन्ही प्रश्न रास्त आहेत, पण त्यांच्याही आधी एक हिशोब करावा लागतो: या पाकिटात कार्बोहायड्रेट किती ग्रॅम आहे, आणि आपल्याला तासाला किती लागणार आहे?

मुळात जेल लागतं का, ते आधी बघा. स्नायू आणि यकृत मिळून शरीरात साधारण 400 ते 500 ग्रॅम ग्लायकोजेन (साठवलेलं कार्बोहायड्रेट) असतं. रात्री नीट जेवलेल्या माणसाला सव्वा-दीड तासाच्या मेहनतीला तेवढं पुरतं. तळजाईच्या टेकडीवर तासभर पळायचं असेल किंवा सकाळी बोपदेव घाट करून ऑफिसच्या वेळेला घरी यायचं असेल, तर पाणी पुरे. जेलवर पैसे घालवू नका. त्यापुढच्या पल्ल्याला तासाला 30 ते 60 ग्रॅम धरा. अडीच-तीन तासांहून लांब आणि जोरकस प्रयत्नाला 90 ग्रॅमपर्यंत जाता येतं, पण त्यासाठी ग्लुकोज आणि फ्रुक्टोज दोन्ही असलेलं जेल हवं आणि पोटाला सवय हवी.

याचं कारण आतड्यात आहे. ग्लुकोज रक्तात नेणारी वाट तासाला साधारण 60 ग्रॅमला भरते. जेलमधलं माल्टोडेक्स्ट्रिन (स्टार्चपासून बनवलेलं कार्बोहायड्रेट) पचून ग्लुकोजच होतं, त्यामुळे तेही त्याच वाटेने जातं. जास्तीचं घेतलं तर ते पोटात पडून राहतं आणि मळमळतं. फ्रुक्टोजची वाट वेगळी असते. पाकिटावर 2:1 किंवा 1:0.8 असं लिहिलेलं असतं ते या दोघांचं प्रमाण. तुम्ही तासाला 50 ग्रॅमच्या आतच घेणार असाल तर या महागड्या मिश्रणाची गरज नाही, साधं माल्टोडेक्स्ट्रिनचं जेल चालेल.

पाकीट उलटं करून वाचा

समजा, पाकीट 40 ग्रॅमचं आहे आणि मागच्या तक्त्यात कार्बोहायड्रेट 65 ग्रॅम लिहिलंय. हा आकडा 100 ग्रॅम जेलसाठी असतो. तुमच्या हातातल्या पाकिटात 26 ग्रॅमच आहे. इथे चूक झाली की माणूस गरजेच्या निम्म्याहून कमी खातो आणि शेवटच्या टप्प्यात पाय का गळाले ते कळत नाही. त्याखाली ‘साखर 2 ग्रॅम’ दिसली म्हणून जेल सौम्य समजू नका. माल्टोडेक्स्ट्रिन साखरेच्या रकान्यात मोजलं जात नाही, पण रक्तातली साखर ते झपाट्याने वाढवतं. मधुमेह असलेल्यांनी तर हा रकाना बघून निर्णय घेऊच नये. आधी डॉक्टरांशी बोलावं.

काही परदेशी पाकिटांवर सोडियमऐवजी मीठ लिहिलेलं असतं. त्या आकड्याला 0.4 ने गुणा: अर्धा ग्रॅम मीठ म्हणजे 200 मिलिग्रॅम सोडियम. घामातून लिटरमागे अर्धा ते एक ग्रॅम, काहींचं त्याहूनही जास्त सोडियम जातं. एप्रिल-मे महिन्यात जर्सीवर पांढरे पट्टे उमटत असतील तर नुसत्या जेलवर भागणार नाही. बिनसाखरेची इलेक्ट्रोलाइटची (क्षारांची) गोळी वेगळी लागेल. पाकिटावर एफएसएसएआयचा 14 आकडी क्रमांक आणि संपण्याची तारीख आहे ना, तेही बघून घ्या.

पाणी: सगळ्यात जास्त चुका इथेच

घट्ट जेलबरोबर 150 ते 200 मिली साधं पाणी प्यायलाच हवं. इतका घट्ट गोड पाक पाण्याशिवाय गेला की पोट रिकामं व्हायला वेळ लागतो, आणि तो पातळ करायला आतडं शरीरातलंच पाणी ओढून घेतं. मग मुरडा येतो, किंवा रस्त्यात शौचालय शोधायची पाळी येते. गोड एनर्जी ड्रिंकच्या घोटाबरोबर जेल घेणं ही याचीच दुसरी तऱ्हा: साखरेवर साखर. सायकलवर दोन बाटल्या असतील तर एक साध्या पाण्याचीच ठेवा. पळताना पाण्याचं टेबल दिसलं की जेल फोडा, टेबलापर्यंत संपवा आणि तिथे पाणी प्या.

आयसोटोनिक जेल मुळातच पातळ असतं, 60 मिलीत साधारण 22 ग्रॅम. त्यावर लगेच पाणी लागत नाही, म्हणून पळणाऱ्यांना ते सोयीचं जातं. मात्र पाकीट मोठं आणि जड असतं, आणि त्याने तहान भागत नाही.

किती आणि कधी

हाफ मॅरेथॉन सव्वादोन तासांत करणाऱ्याला 25 ग्रॅमची तीन पाकिटं पुरतात: 40 मिनिटांनी, सव्वा तासाने आणि पावणेदोन तासांनी. साडेचार तासांच्या पूर्ण मॅरेथॉनला अर्ध्या तासापासून दर अर्ध्या तासाला एक, म्हणजे आठ. भूक लागायची वाट बघू नका. भूक जाणवते तोवर उशीर झालेला असतो.

200 किलोमीटरच्या बीआरएमला (ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची सायकल राइड) मुदत साडेतेरा तासांची असते. अकरा तास चालवलं आणि तासाला 50 ग्रॅम धरलं तर 550 ग्रॅम होतात, म्हणजे 25 ग्रॅमची बावीस पाकिटं. इतकं गोड कुणाच्याच घशाखाली उतरत नाही, आणि उतरवूही नये. निम्म्याहून जास्त भार केळी (मध्यम केळ्यात साधारण 25 ग्रॅम), खजूर, इडली यांच्यावर टाका. सात-आठ जेल घाटांसाठी आणि शेवटच्या 50 किलोमीटरसाठी राखून ठेवा. खंबाटकी घाटात दम लागलेला असताना गिळणं अवघड जातं, म्हणून चढ सुरू व्हायच्या दहा-पंधरा मिनिटं आधी घ्या. वडापाव आणि भजी राइड संपल्यावर खा. तेलाने पोट जड होतं आणि जेलही तिथेच अडकून राहतं.

कॅफिनच्या बहुतेक जेलमध्ये 25 ते 100 मिलिग्रॅम कॅफिन असतं. वजनाच्या किलोमागे 3 मिलिग्रॅम पुरेसं आहे: 60 किलोच्या माणसाला 180, आणि त्यात सकाळची कॉफीही धरायची. घेतलेल्यातलं निम्मं कॅफिन पाच-एक तासांनंतरही शरीरात असतं, तेव्हा संध्याकाळच्या राइडला साधं जेल बरं. मुलांना कॅफिनचं जेल आम्ही देत नाही.

पोटाचा सराव

पोटालाही पायांसारखाच सराव लागतो. डिसेंबरच्या पहिल्या रविवारच्या पुणे मॅरेथॉनसाठी ऑक्टोबरच्या सुरुवातीपासून दर आठवड्याच्या लाँग रनला तेच जेल, तेवढंच पाणी घेऊन बघा. तासाला 30 ग्रॅमपासून सुरू करा, आणि पोट शांत राहिलं तर आठवडा-दोन आठवड्यांनी 10 ग्रॅम वाढवा. पळताना पोट हिंदकळतं, त्यामुळे सायकलवर पचतं तेवढं पळताना पचेलच असं नाही; दोन्हींचे आकडे वेगळे लिहून ठेवा.

जेल उन्हातल्या गाडीत ठेवू नका. जानेवारीच्या पहाटे ते गारठून घट्ट होतं, तेव्हा अंगालगतच्या खिशात ठेवा. पाकीट फोडताना वरचा तुकडा पूर्ण तोडू नका, लोंबता राहू द्या; सिंहगडाच्या रस्त्याकडेला पडलेले असतात ते हेच तुकडे. रिकामं पाकीट दुमडून खिशात घाला.

पहिल्यांदा घेताना अख्खा बॉक्स नको. सुटी पाकिटं मिळतात. दोन-तीन प्रकारांचं एकेक न्या. येताना शर्यतीची तारीख, अपेक्षित वेळ आणि आधी कोणत्या जेलने त्रास झाला ते सांगा, म्हणजे तासाचा हिशोब काउंटरवरच मांडून देता येईल.