आईवडिलांचा घटस्फोट आणि मुलांचं बदलत जाणारं वागणं

घटस्फोट म्हणा, सोडचिठ्ठी म्हणा, आपल्याकडे विदर्भात बरेच लोक फारकत म्हणतात, कोर्टासाठी ती एका तारखेची गोष्ट असते पण घरातल्या लेकरासाठी ती त्या तारखेच्या कितीतरी आधी सुरू झालेली असते आणि नंतरही वर्षानुवर्षं चालते. त्यामुळे "घटस्फोटानं मुलं बिघडतात का" या प्रश्नाला हो किंवा नाही असं एका शब्दात उत्तर देताच येत नाही. मूल तेव्हा केवढं होतं, घरात आधी किती भांडणं झाली आणि नंतर ही दोन मोठी माणसं एकमेकांशी कशी वागली, सगळं यावर आहे.

तीनचार वर्षांचं पोर असेल तर सुटलेल्या सवयी परत येतात. अंथरूण ओलं करणं, बोबडं बोलणं, आई नुसती बाथरूममध्ये गेली तरी दाराशी रडत बसणं. आणि मनात एक पक्कं बसतं की मी मस्ती केली म्हणून बाबा गेले. सहासात वर्षांची मुलं दोघं परत एकत्र येतील याची वाट पाहतात, कधी मुद्दाम आजारी पडतात कारण ताप आला की दोघंही येतात. दहाअकराच्या वयात राग येतो, मूल एक बाजू धरतं, आणि डोकं किंवा पोट दुखायला लागतं, तेही नेमकं एका घरून दुसऱ्या घरी जायच्या दिवशी (हे नाटक नसतं, खरंच दुखतं). पुढे कॉलेजच्या वयात घराबाहेर राहणं, मार्क पडणं, काहींच्या बाबतीत व्यसन.

नागपुरात याची सुरुवात बऱ्याचदा उन्हाळ्याच्या सुट्टीत होते. आई लेकराला घेऊन माहेरी येते, ते खुश असतं, मामाचं घर म्हणजे कूलरसमोर झोपणं, आंबे, मामेभाऊ. विदर्भातल्या शाळा उघडतात जूनच्या शेवटी, तेव्हा नवीन युनिफॉर्म इथलाच शिवायला टाकला जातो आणि त्या दिवशी पोराला कळतं की आता परत जायचं नाही. कोणी बसवून सांगितलेलं नसतं. एका झटक्यात शाळा, मोहल्ला, मित्र, बाप सगळं सुटतं, आणि जे मामाचं घर सुट्टीपुरतं लाडाचं होतं तिथं आता मामीचा चेहरा पाहून वागावं लागतं. मग शाळेतल्या बाई म्हणतात, "काहून इतकं चिडचिड करून राहिलं हे पोट्टं?"

पण मला जास्त काळजी वाटते ती चिडचिड न करणाऱ्या पोराची. सगळे कौतुक करतात की बाप्पा किती शहाणं झालं, हट्ट नाही, काही मागत नाही, आईला रडताना पाहून तिलाच पाणी आणून देतं. ते शहाणं झालेलं नसतं, त्यानं आईची आई व्हायचं काम अंगावर घेतलेलं असतं आणि त्याचं स्वतःचं रडणं मागं राहिलेलं असतं.

काळाप्रमाणे काय होतं यावर परदेशात मोठी कामं झाली. अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ मेव्हिस हेदरिंग्टन यांनी काही दशकं कुटुंबांचा पाठपुरावा केला, त्यांना दिसलं की पहिली एकदोन वर्षं सगळ्यात वाईट जातात, नंतर बहुतेक मुलं सावरतात. गंभीर अडचणी राहिलेली मुलं होती २० ते २५ टक्के, आणि न मोडलेल्या घरांतही तशी १० टक्के होतीच. म्हणजे धोका दुप्पट किंवा थोडा जास्त, पण चारातली तीन पोरं ठीक निघाली, हे नातेवाईकांनी नीट ऐकावं. १९९१ मध्ये अँड्र्यू चर्लिन आणि सहकाऱ्यांनी ब्रिटन आणि अमेरिकेतली माहिती तपासली, तर वागण्यातल्या बऱ्याच अडचणी आईबाप वेगळे व्हायच्या आधीपासूनच दिसत होत्या, मुलग्यांमध्ये विशेष. अमेरिकेतले समाजशास्त्रज्ञ पॉल अमॅटो यांच्या कामातून आणखी एक कळलं, खूप भांडणाचं घर मोडलं तर मुलं पुढे बरी राहतात, वरून शांत दिसणारं घर अचानक मोडलं तर जास्त कोसळतात. त्यामुळे "पोरांसाठी तरी एकत्र राहा" हा सल्ला रोज मारझोड होणाऱ्या घरात देऊ नये असं स्पष्ट वाटतं.

आपल्याकडे अर्धवट लटकलेली घरं फार. २०११ च्या जनगणनेत देशात घटस्फोटित लोक १३ लाखांच्या वर होते आणि नुसते वेगळे राहणारे त्याच्या जवळपास तिप्पट. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यानुसार पाच वर्षांच्या आतलं मूल साधारणपणे आईकडे राहतं, आणि ताबा ठरवताना मुलाचं हित सगळ्यात वर. हे चांगलंच आहे, पण केस लढत राहिली तर तारखांवर तारखा पडतात आणि तोवर बाप फक्त रविवारचा होतो, दोन तास महाराजबागेतलं प्राणिसंग्रहालय, मग फुटाळा तलावावर भुट्टा, परत सोडून देणं. घरी आल्यावर आजी विचारते, "काय म्हणत होता तो?" इथंच मूल खोटं बोलायला शिकतं, तिकडचं इकडे सांगायचं नाही, इकडचं तिकडे नाही, मजा आली हेही सांगायचं नाही. नागपुरातल्या मेडिकल, मेयो या सरकारी दवाखान्यांच्या मानसोपचार ओपीडीत किंवा टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ नंबरवर याबद्दल बोलता येतं, लोक मात्र पोरगं नापास झाल्यावरच जागे होतात.

मानसशास्त्रज्ञ ज्युडिथ वॉलरस्टीन यांनी १९७१ पासून कॅलिफोर्नियातल्या १३१ मुलांना २५ वर्षं पाहिलं. नमुना लहान, सुरुवातीपासून तुलनेला दुसरा गट नव्हता, त्यावर टीका झाली ती रास्तच. पण त्यांनी दाखवलेली एक गोष्ट खरी वाटते, की काही परिणाम लपून बसतात आणि मूल स्वतः प्रेमात किंवा लग्नाला येतं तेव्हा वर येतात. आपल्याकडे स्थळं पाहताना "वडील काय करतात" हा पहिला प्रश्न येतो आणि पंचवीस वर्षांची मुलगी परत सात वर्षांची होऊन आईकडे पाहते. लग्न ठरलंच तर पत्रिकेत बापाचं नाव टाकायचं का आणि कन्यादानाला कोण बसणार, यावरून ती रात्ररात्र जागते.