रस्टमध्ये लिहून काढणं वेगळं आणि रस्ट आत घेणं वेगळं

गेली तीन-चार वर्षं एकच वाक्य ऐकतोय, "लिनक्स आता रस्टमध्ये लिहितायत ना?" म्हणजे सी ह्या जुन्या भाषेत लिहिलेली ही ऑपरेटिंग सिस्टिम रस्ट ह्या नव्या प्रोग्रॅमिंग भाषेत परत लिहितायत असा समज. नाही लिहीत. नवीन पोरांनी म्हटलं तर समजू शकतो, पण दहा-दहा वर्षं सी लिहिलेले लोक पण हेच बोलतात आणि मग तावातावानं विचारतात की त्या कोट्यवधी ओळी परत कोण लिहिणार. कुणीच लिहिणार नाहीये हो. ज्याच्यावर भांडताय ते घडतच नाहीये, आणि जे घडतंय ते जास्त अवघड आहे, त्याच्याबद्दल कुणी बोलत नाही.

मेमरी वापरताना होणाऱ्या चुका रस्ट आधीच पकडते (मेमरी सेफ्टी, बॉरो चेकर वगैरे ते हेच), त्यात जास्त वेळ घालवत नाही. फक्त दोन प्रोजेक्ट शेजारी शेजारी ठेवतो.

फिश शेल, म्हणजे टर्मिनलमध्ये कमांड घेणारा प्रोग्रॅम, आधी सी प्लस प्लसमध्ये होता. जानेवारी २०२३ मध्ये तो रस्टमध्ये आणायचा प्रस्ताव आला, फेब्रुवारी २०२५ मध्ये ४.० रिलीज झाला, साधारण ५७ हजार ओळी सी प्लस प्लस गेलं आणि ७५ हजार ओळी रस्ट आलं. हा रीराइट, म्हणजे परत लिहून काढणं. लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्यात, रस्टचा पाया ६.१ ह्या आवृत्तीला, म्हणजे डिसेंबर २०२२ मध्ये आला, पहिला ड्रायव्हर (हार्डवेअर चालवणारा कोड) ६.८ मध्ये, मार्च २०२४ ला, तो पण एका छोट्या इथरनेट चिपचा, आणि त्याच चिपचा सी मधला ड्रायव्हर अजून तिथंच आहे. हे रस्ट आत घेणं.

बिल्ड कसं होतं, कंपाइलला किती वेळ लागतो, कुठला प्लॅटफॉर्म सुटला (फिशनं तेव्हा विंडोजवरचा सिग्विन सोडला), हे फरक आहेत पण त्यांनी कुणाचा गोंधळ होत नाही.

गोंधळ होतो तो इथं. लोकांना वाटतं फरक प्रमाणाचा आहे, एकानं सगळं बदललं आणि दुसऱ्यानं थोडं, किंवा मग वेगाचा आहे, एक झटक्यात झालं आणि दुसरं हळूहळू चाललंय, म्हणजे कर्नल पण एक दिवस "पूर्ण" होईल. दोन्ही चूक. फिश पण हळूहळूच झाला, एकेक भाग उचलून, आणि जवळजवळ वर्षभर एकाच प्रोग्रॅममध्ये दोन्ही भाषा नांदत होत्या. एसव्हीजी चित्रं दाखवणारी लिब-आरएसव्हीजी आहे ना, तिचं काम २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये सुरू झालं, ती पण तुकड्या-तुकड्यानं बदलली आणि बाहेरून वापरणाऱ्यांसाठी सी चा एपीआय (बाहेरच्या कोडनं बोलवायची फंक्शन्स) तसाच ठेवला. २०२३ च्या मध्यात फिशचा कोड उघडला असता तर अर्धं हे अर्धं ते, दिसायला अगदी कर्नलसारखंच चित्र दिसलं असतं.

खरा फरक सांध्याचा आहे. दोन भाषा जिथं एकमेकींना चिकटतात तो सांधा तात्पुरता आहे का कायमचा, बस एवढं विचारा. फिशमधला सांधा म्हणजे बांधकामाला लावलेली परांची, ती वाकडीतिकडी असली तरी चालते कारण काम झालं की उतरवायचीच असते, आणि जानेवारी २०२४ मध्ये उरलंसुरलं सी प्लस प्लस काढून त्यांनी ती उतरवली पण. कर्नलमधला सांधा म्हणजे दोन बिऱ्हाडांमधली सामाईक भिंत. ती राहणारच आहे, आणि ओल आली तर दुरुस्ती कुणी करायची हे आधी ठरवावं लागतं.

कर्नलच्या आतले सी चे एपीआय मुद्दाम स्थिर ठेवलेले नसतात. एखाद्या फंक्शनला नवीन पॅरामीटर हवा असेल तर बिनधास्त बदलायचा, फक्त बदलणाऱ्यानं अख्ख्या कर्नलमधले सगळे कॉलर (ते फंक्शन वापरणारा कोड) पण त्याच वेळी दुरुस्त करायचे, हा तिथला जुना नियम. आता त्या कॉलरमध्ये एक रस्टचा रॅपर आला, म्हणजे सी चं फंक्शन रस्टमधून वापरता यावं म्हणून लिहिलेलं आवरण, आणि बदल करणाऱ्या माणसाला रस्ट येत नाही. मग? २०२५ च्या सुरुवातीला डीएमएच्या (हार्डवेअरनं थेट मेमरी वापरायची सोय) रॅपरवरून जे पेटलं ते ह्याच्यावरच. रॅपर वेगळ्या फोल्डरमध्ये होता, सी च्या कोडला हातही लावलेला नव्हता, तरी तेव्हा डीएमएचा सी कोड सांभाळणारे क्रिस्टोफ हेलविग नाही म्हणाले, कारण मिश्र भाषेचा कोडबेस सांभाळणं हाच त्यांच्या मते धोका. मला त्यांचं म्हणणं पटत नाही, पण ते काहीतरीच बोलत होते असं म्हणणाऱ्यांना प्रश्नच कळलेला नाही. शेवटी फेब्रुवारीत लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्सनी सांगितलं की सी च्या मेंटेनरला (तो कोड सांभाळणाऱ्याला) रस्टकडे बघायची सक्ती नाही, पण मग त्याचा एपीआय बाहेर कोण वापरतं ह्याच्यावर त्याला नकाराधिकार पण नाही. म्हणजे भिंतीची रस्टकडची बाजू रस्टवाल्यांनी सांभाळायची.

आणि रॅपर लिहिणं म्हणजे नुसतं फंक्शनला फंक्शन जोडणं नसतं. हा पॉइंटर (मेमरीतल्या जागेचा पत्ता) कुणाचा, कुठलं लॉक धरलेलं असताना फंक्शन बोलवायचं, मोकळा कोण करणार, हे सी मध्ये बऱ्याचदा मेंटेनरच्या डोक्यात असतं, रस्टमध्ये ते टाइपमध्ये लिहावंच लागतं. म्हणून रस्टवाले येऊन "नियम नक्की काय आहे?" असं विचारत राहतात आणि समोरच्याला वाटतं हे आपल्याला शिकवायला आलेत. माझ्या मते सगळ्या खटाटोपातला सगळ्यात मोठा फायदा हाच, कारण ते नियम लिहिले गेले की सी वाल्यांना पण उपयोगी पडतात.

"मग सरळ रीराइटच करा ना, सांधाच नको" असं कुणी म्हणालं की मी अँड्रॉइडकडे बोट दाखवतो. तिथं सुरक्षेच्या एकूण त्रुटींपैकी मेमरीच्या चुकांमुळे येणाऱ्या २०१९ मध्ये ७६ टक्के होत्या, २०२४ मध्ये २४ टक्क्यांवर आल्या, आणि जुना सी-सी प्लस प्लस कोड बहुतेक होता तिथंच आहे, फक्त नवीन कोड सुरक्षित भाषांकडे वळवला. अशा चुका जास्त करून नव्या कोडमध्ये असतात, जुना कोड वर्षानुवर्षं वापरून-दुरुस्त करून घासला गेलेला असतो. तो घासलेला कोड फेकून परत लिहायचा म्हणजे नव्या चुका विकत घ्यायच्या. फिशला ते परवडलं कारण कोड आटोक्यातला होता आणि दोन्ही बाजू ओळखणारी तीच माणसं होती.

त्यामुळे कुठल्यातरी प्रोजेक्टमध्ये जाऊन "रस्टमध्ये का नाही लिहीत?" एवढंच टाकून निघून जाणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. फुकट राबणाऱ्या माणसाला तुम्ही घर पाडायला सांगताय का खोली वाढवायला, हे तरी सांगा, आणि खोली वाढवायला सांगत असाल तर भिंत कोण बघणार ते पण सांगा.

इंटरनेटवरून डेटा आणणाऱ्या कर्ल ह्या प्रोग्रॅमचं बघा. एचटीटीपीसाठी (वेबवर बोलायची पद्धत) रस्टमधली हायपर लायब्ररी जोडायचं काम २०२० मध्ये सुरू झालं, पैसे पण मिळाले होते, आणि जवळजवळ सगळ्या टेस्ट पास होईपर्यंत गाडी आली. पण सी आणि रस्ट दोन्ही नीट येणारी आणि शेवटचं राहिलेलं काम हातात घेणारी माणसं मिळाली नाहीत, वापरणारे पण फारसे नव्हते. डिसेंबर २०२४ मध्ये कर्ल लिहिणाऱ्या डॅनियल स्टेनबर्गनी तो सगळा भाग काढून टाकला.