अक्षर अडले की अर्थ अडला?

बेळगावच्या सीमाभागातील कोणत्याही शाळेत एसडीएमसीची, म्हणजे पालकांचा सहभाग असलेल्या शाळा विकास समितीची, बैठक बसली की एक तक्रार हमखास पुढे येते : ‘‘गुरुजी, पोराला वाचाय येईना.’’ खानापूरच्या जंगलातील वाडीवर असो, निपाणीतील विड्या वळणाऱ्या आईच्या तोंडी असो की चिक्कोडी-अथणीच्या ऊसपट्ट्यातील शेतमजुराच्या घरी, शब्द जवळजवळ हेच असतात. तक्रार खरी असते आणि ती कळवळ्याने केलेली असते. परंतु या एका वाक्यात दोन अगदी निराळ्या अडचणी लपलेल्या असतात. एका मुलाला कागदावरची अक्षरे फोडून त्यांचा उच्चार करता येत नाही. दुसऱ्याला उच्चार उत्तम करता येतो, पण ज्या भाषेत तो वाचतो आहे ती भाषाच त्याला कळत नाही. पहिल्याचे अक्षर अडलेले असते, तर दुसऱ्याचा अर्थ. दोघेही परीक्षेत सारखेच मागे पडतात आणि त्यामुळे दोघांवर एकच इलाज केला जातो, जो त्यांपैकी एकाला हमखास चुकीचा असतो.

मी या भागात प्राथमिक शिक्षक म्हणून काम केले आहे आणि आता संध्याकाळी गावातील मुलांना घेऊन बसतो. माझ्याकडे आलेल्या दोन मुलांची उदाहरणे सांगितली की फरक स्पष्ट होईल.

पहिला मुलगा मराठी शाळेत तिसरीत शिकणारा. त्याचे आईवडील ऊसतोडीला जातात, त्यामुळे हंगामात तो शाळेत कमी आणि फडावर जास्त असतो. मी त्याच्यापुढे ‘म्हैस विहिरीजवळ उभी आहे’ हे वाक्य ठेवले. त्याने चित्राकडे पाहिले, मग ओळीवर बोट ठेवले आणि ठसक्यात वाचले : ‘‘रेडा पाण्यापाशी हुबा हाय.’’ एकही शब्द कागदावरचा नव्हता. तेच वाक्य मी वाचून दाखवल्यावर मात्र त्याने म्हैस कोणाची असेल, ती विहिरीकडे का गेली असेल आणि तिला कठडा नसलेल्या विहिरीपासून हाकलले पाहिजे, हे सगळे न विचारता सांगितले. या मुलाकडे भाषा भरपूर आहे. चित्रावरून पूर्ण, व्याकरणशुद्ध आणि प्रसंगाला धरून वाक्य रचणे हे भाषा असल्याचेच लक्षण आहे. त्याला येत नाही ती ‘वि’मधली वेलांटी, जी डोळ्यांना अक्षराच्या आधी दिसते पण जिचा उच्चार अक्षरानंतर करायचा असतो. त्याची वही पाहिली तर अक्षर वळणदार, कारण फळ्यावरचे पाहून उतरवण्यात तो तरबेज आहे. घरच्यांना वाटते की लिहिता येते, म्हणजे वाचताही येत असेल.

दुसरी मुलगी मराठी बोलणाऱ्या घरातील, पण कन्नड शाळेत चौथीत शिकणारी. तिच्या कन्नड वाचनाचा वेग चांगला होता आणि वहीवर बाईंनी लाल शाईने शाबासकीही लिहिली होती. ‘मरद मेले हक्कि इदे’ हे वाक्य तिने न अडखळता वाचले. मी विचारले, ‘‘बाळ, याचा अर्थ काय गं?’’ ती थोडी घुटमळली आणि म्हणाली, ‘‘मरद मेले म्हंजे... माणसं मेली.’’ कन्नडमध्ये ‘मर’ म्हणजे झाड आणि ‘मेले’ म्हणजे वर. झाडावर पक्षी आहे, एवढाच त्या वाक्याचा अर्थ. मुलीने कन्नड लिपी पूर्ण आत्मसात केली होती आणि तिच्या उच्चारांत तिला आपली मराठी ऐकू येत होती. चार वर्षे ती असेच धडे वाचत आली होती. तिला वाचता येत नाही असे कोणालाच वाटले नव्हते. ‘अभ्यासात लक्ष नाही’ एवढेच सगळे म्हणत होते.

या दोन अडचणींमधील नाते फिलिप गॉफ आणि विल्यम टनमर या संशोधकांनी १९८६ साली एका साध्या मांडणीत सांगितले आहे. त्यांच्या मते वाचून समजणे हा अक्षर फोडण्याचे कौशल्य आणि भाषेची समज या दोहोंचा गुणाकार आहे. येथे गुणाकार हा शब्द महत्त्वाचा आहे. बेरीज असती तर एका बाजूची भर दुसऱ्या बाजूची उणीव झाकू शकली असती. गुणाकारात एक बाजू शून्य झाली की उत्तर शून्यच येते. ऊसतोड कामगाराच्या त्या मुलाला आणखी गोष्टी सांगून त्याचे वाचन सुधारणार नाही, तसेच त्या मुलीकडून कन्नड बाराखडी, म्हणजे ‘कागुणित’, आणखी शंभर वेळा गिरवून घेऊन तिला झाड दिसणार नाही.

ओळखायचे कसे, याचे उत्तर दहा मिनिटांत मिळते. मुलाच्या इयत्तेचा, पण त्याने आधी न पाहिलेला चार-पाच ओळींचा मजकूर घ्यावा. आधी तो मुलाला वाचायला द्यावा आणि दोन प्रश्न विचारावेत. नंतर तितकाच सोपा दुसरा मजकूर आपण स्वतः सावकाश वाचून दाखवावा आणि पुन्हा दोन प्रश्न विचारावेत. ऐकून समजते आणि वाचून समजत नाही, तर अक्षर अडले आहे. ऐकूनही समजत नाही, तर अर्थ अडला आहे. यातील सर्वांत महत्त्वाची अट अशी की मुलाला उत्तर त्याच्या घरच्या बोलीत देऊ द्यावे. कन्नड उताऱ्यावरील प्रश्नाचे उत्तर कन्नडमध्येच मागितले, तर समज नाही की बोलण्याचे धाडस नाही हे आपल्याला कधीच कळणार नाही. आणि चाचणीपूर्वी मुलाला खिडकीबाहेरची पाटी वाचायला सांगून त्याचे डोळे ठीक आहेत ना, हेही पाहून घ्यावे.

अक्षराची अडचण किरकोळ आहे असे मात्र कोणी समजू नये. मराठीत ३४ व्यंजने आणि बाराखडीची १२ रूपे धरली तरी चारशेच्या वर आकृत्या होतात. त्यावर जोडाक्षरे, रफार आणि ‘क्र’, ‘ट्र’मधला निराळा दिसणारा र. कन्नडची वर्णमाला त्याच क्रमाने जाते, कारण दोन्ही लिप्या ब्राह्मीच्या कुळातल्या आहेत. पण तिची जोडणी वेगळी आहे. ‘हक्कि’ लिहिताना कन्नडमध्ये दुसरा क पहिल्याच्या खाली लटकतो, इकाराची खूण वरच्या क ला लागते आणि तिचा उच्चार मात्र खालच्या क नंतर होतो. शिवाय ए आणि ओ यांचे ऱ्हस्व व दीर्घ असे दोन-दोन प्रकार तेथे आहेत, जे मराठी कानाला सुरुवातीला वेगळे ऐकूच येत नाहीत. कन्नड वाचायला शिकणाऱ्या मुलांवर सोनाली नाग यांनी केलेल्या आणि २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातून हे पुढे आले की अशा अक्षरसंचावर पकड यायला पहिली-दुसरीपेक्षा बराच अधिक काळ लागतो. म्हणून तिसरीतील मूल जोडाक्षरावर थांबले तर ते मंद आहे असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे आहे. हंगामात चार-पाच महिने शाळा चुकलेल्या मुलाच्या बाबतीत तर तो दुप्पट अन्याय आहे.

अक्षर अडलेल्या मुलासाठी रोज वीस मिनिटे पुरतात, पण ती रोजच हवीत. सगळी बाराखडी घोकत बसण्याऐवजी क, म, ल, र, न, प अशी सतत लागणारी चार-सहा अक्षरे आणि काना एवढ्यावरच शब्द करायला घ्यावेत. माझा अनुभव असा आहे की सर्वांत लवकर फळ देणारा मजकूर मुलाच्या स्वतःच्या तोंडचा असतो. ‘आमची म्हैस काल याली’ असे मूल म्हणाले तर ते जसेच्या तसे पाटीवर लिहावे, ‘व्याली’ करण्याची घाई करू नये. अर्थ त्याला आधीच ठाऊक असतो. म्हणून त्याचे सारे लक्ष अक्षरांवर राहते. तोच उतारा तीन-चार दिवस पुन्हा पुन्हा वाचून घेतला की बोट ठेवण्याची गरज उरत नाही. पाटी, खडू आणि जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या पाठी यांपलीकडे खर्च नाही.

अर्थ अडलेल्या मुलासाठी काम अधिक कठीण आहे, कारण ते शिक्षकाच्या तोंडून व्हावे लागते आणि त्याला वेळ लागतो. धडा उघडण्यापूर्वी त्यातील दहा-बारा शब्द वस्तू दाखवून, हावभाव करून, बोलण्यातून मुलांच्या कानावर पडले पाहिजेत. ‘नीरु’ म्हणताना तांब्यातले पाणी ओतले, ‘बा’ म्हणून जवळ बोलावले, तर तो शब्द कायमचा बसतो. मराठी मुलाच्या ओटीत काही कन्नड आधीपासूनच आहे, याची त्याला जाणीव करून द्यावी : अण्णा, अक्का, अडकित्ता हे शब्द आपण कन्नडमधूनच घेतले आणि आपले तूप म्हणजेच त्यांचे ‘तुप्प’. कन्नड गोष्ट ऐकवावी आणि ती मराठीत सांगायला लावावी. कन्नड बोलणाऱ्या आणि मराठी बोलणाऱ्या मुलांच्या जोड्या लावाव्यात. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी : पुस्तकातील कन्नड या भागातील कन्नड मुलांच्याही घरची नसते. पुस्तकात ‘इदे’ असते, तर त्यांच्या तोंडी ‘ऐति’. आपल्याकडेही घरात ‘हाय’ आणि पुस्तकात ‘आहे’ असते. गवळी धनगरांच्या वाड्यांवरील मुलांना तर मराठी पाठ्यपुस्तकही अर्धे परके वाटते. मराठी माध्यम मिळाले म्हणजे अर्थाची अडचण संपली, असे मानणाऱ्या आपल्या मंडळींनी हे नाकारू नये.

मोजमापातही हीच गल्लत होते. ‘असर’ या ग्रामीण शिक्षणाच्या देशव्यापी पाहणीच्या २०२४ च्या अहवालानुसार ग्रामीण भारतातील तिसरीच्या २७.१ टक्के आणि पाचवीच्या ४८.८ टक्के मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. हे आकडे गंभीर आहेत, परंतु ते मुख्यतः मूल मजकूर सलग वाचते का, हे सांगतात. २०२१ मध्ये सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या ‘निपुण भारत’ या पायाभूत वाचन-गणिताच्या मोहिमेने तिसरीच्या अखेरीस मिनिटाला किमान ६० शब्द अर्थासह वाचण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. त्यातील ‘अर्थासह’ हा शब्दच व्यवहारात गळून पडतो, कारण घड्याळ लावून शब्द मोजणे सोपे आहे आणि अर्थ विचारायला मुलाची भाषा यावी लागते. माझ्याकडे आलेली चौथीतील ती मुलगी वेगाच्या कोणत्याही चाचणीत सहज उत्तीर्ण झाली असती.

कोणत्या भाषेत आधी वाचायला शिकवावे, या प्रश्नावर सीमाभागात मन शांत ठेवून बोलणे अवघड आहे. १९५६ च्या भाषावार पुनर्रचनेची जखम अजून भरलेली नाही. त्याच वर्षी सातव्या घटनादुरुस्तीने आलेला अनुच्छेद ३५०-क भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिक्षणाच्या पुरेशा सोयी देण्यास सांगतो, आणि त्याची अंमलबजावणी मागणे हा आपला हक्क आहे. दुसरीकडे कर्नाटकाच्या २०१५ च्या कायद्याने शाळांमध्ये कन्नड भाषा शिकवणे अनिवार्य केले आहे. पंचायतीत, रेशन दुकानात, सरकारी दवाखान्यात आणि बसच्या पाटीवर मजुराच्या मुलाला कन्नडच भेटते. म्हणून ते त्याला यायलाच हवे, असे मी मनापासून मानतो. प्रश्न क्रमाचा आहे. जी भाषा मूल बोलते तिच्यात अक्षर फोडायला शिकवावे आणि त्याच काळात कन्नड तोंडी, भरपूर, खेळत-बोलत द्यावे. अक्षर फोडण्याची युक्ती एकदा साधली की ती दुसऱ्या लिपीत नेता येते. भाषेची समज मात्र प्रत्येक भाषेत नव्याने कमवावी लागते. मराठी शाळा दूर पडते किंवा पालक नोकरीचा विचार करून कन्नड माध्यम निवडतात, तेथे हा क्रम उलटतो, आणि मग पहिलीतील तोंडी कामाचे तास किमान दुप्पट करावे लागतात. मूल इंग्रजी माध्यमात घातले तर अर्थाची दरी आणखी रुंदावते, कारण वाडीवर इंग्रजी कानावर पडण्याची सोयच नसते.

काही मुलांचे दोन्ही अडलेले असते. अशा वेळी मी सकाळी अर्थाचे आणि संध्याकाळी अक्षराचे काम घेतो, आणि अक्षरासाठी नेहमी घरची बोलीच वापरतो. ग्रामपंचायतीचे वाचनालय येथे मोठी मदत करू शकते. ‘ओदुव बेळकु’ (वाचनाचा प्रकाश) या कर्नाटक सरकारच्या उपक्रमामुळे मुलांची तेथे नोंदणी होऊ लागली आहे. दोन्ही भाषांतील पातळ चित्रपुस्तके ठेवून आठवड्यातून एक तास कोणीतरी मोठ्याने वाचून दाखवले, तर अर्थ अडलेल्या मुलांचे निम्मे काम होते.

त्या चौथीतील मुलीला मी वहीच्या पानावर झाड काढायला सांगितले आणि त्याखाली एका बाजूला ‘झाड’, दुसऱ्या बाजूला कन्नड लिपीत ‘मर’ लिहून घेतले. फांदीवर तिने आपणहून पक्षी काढला. तीन-चार आठवडे आम्ही पुस्तक न उघडता अंगणातल्या वस्तूंची नावे घेत बसलो होतो. एका संध्याकाळी कौलांवर बसलेल्या कावळ्याकडे बोट दाखवून तिने विचारले, ‘‘गुरुजी, मग ‘मनेय मेले’ म्हंजे घरावर का?’’