पतंगांच्या जवळच्या जातींची ओळख आणि वर्गीकरण (ठाणे व नवी मुंबई परिसर)

दिसायला जवळजवळ सारख्या असलेल्या पतंगांच्या जाती एकमेकींपासून वेगळ्या काढणे आणि वर्गीकरणात त्यांची जागा ठरवणे, हे कीटकशास्त्रातले जुने आणि अजून न संपलेले काम आहे. खवलेपंखी गणातल्या सुमारे १,६०,००० जातींना आजवर नावे मिळाली आहेत. त्यांत फुलपाखरे सुमारे १८,०००. उरलेले सगळे पतंग. फुलपाखरे ही पतंगांच्याच वंशवृक्षाची एक फांदी आहेत, त्यामुळे ‘फुलपाखरू की पतंग’ हा प्रश्न वाटतो तितका मोठा नाही. खरी अडचण एकाच प्रजातीतल्या दोन जाती समोर आल्या की सुरू होते. (या नोंदीत शास्त्रीय नावातला पहिला शब्द प्रजातीचा आणि दुसरा जातीचा, असा अर्थ घ्यावा.)

ठाणे परिसरात हे काम करायला चांगली संधी आहे. येऊरचे जंगल संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात मोडते. घोडबंदर रस्त्यापलीकडे नागल्याचा पट्टा, खाडीच्या पूर्वेला पारसिकची टेकडी, पुढे खारघरचे डोंगर, आणि मधे ठाणे खाडीच्या दोन्ही काठांना तिवरांची दाटी. पानगळीचे जंगल, खारफुटी आणि गृहसंकुलांच्या बागा काही किलोमीटरच्या आत एकमेकांना लागून आहेत. जूनच्या पहिल्या पावसानंतर ऑक्टोबरपर्यंत जिन्यातल्या ट्यूबलाइटखालीसुद्धा इतके पतंग जमतात, की नोंद ठेवणाऱ्याला जंगलात जावेच लागते असे नाही.

रंगरूपाची फसवणूक

नवखा निरीक्षक आधी रंग पाहतो आणि तिथेच घसरतो. पतंगाचा रंग खवल्यांत असतो आणि खवले झडतात. चार रात्री दिव्याला धडका देऊन आलेला पतंग आणि कोशातून नुकताच निघालेला पतंग शेजारी ठेवले तर ते एकाच जातीचे वाटत नाहीत. नर-मादीतला फरक हा त्याहून मोठा सापळा. ऐनाच्या झाडावर वाढणाऱ्या टसर पतंगाची मादी बहुधा पिवळसर आणि नर तांबूस तपकिरी असतो. या जोडीला दोन जाती समजणे अगदी सोपे. त्यातच टसरच्या शास्त्रीय नावाचा घोळ आहे. कोणी त्याला अँथेरिया मायलिटा म्हणतात, कोणी अँथेरिया पॅफिया. पॅफिया हे नाव लिनियसने १७५८ मध्ये दिलेले, मायलिटा हे ड्रूरीने १७७३ मध्ये. जुने नाव नेमक्या कोणत्या पतंगाला दिले होते यावर हा वाद अडकून आहे.

आकारही भरवशाचा नाही. अळीला खायला कमी मिळाले तर पतंग लहान निघतो. क्रिएटोनोटस गँगिस या पतंगाचे उदाहरण या बाबतीत फार बोलके आहे. याचा नर पोटाच्या टोकातून केसाळ, फुगणाऱ्या नळ्या बाहेर काढतो. मोबाईलवर फिरणाऱ्या ‘परग्रहावरच्या प्राण्या’च्या चित्रफितींतला तो हाच. या नळ्यांतून मादीसाठी गंध सोडला जातो. अळीने विशिष्ट अल्कलॉइड असलेल्या वनस्पती खाल्ल्या असतील तर नळ्या प्रचंड वाढतात, नसतील तर अगदी खुरट्या राहतात. म्हणजे ज्याला शरीररचनेतले ठळक लक्षण म्हणावे ते काही प्रमाणात आहारावरच अवलंबून निघाले. गँगिसला त्याच्या जवळच्या क्रिएटोनोटस ट्रान्झियन्सपासून वेगळे करताना नळ्यांची लांबी बघू नये, पुढच्या पंखावरच्या काळ्या खुणा बघाव्यात.

परिसरातल्या काही जोड्या

अळू आणि तेरडा लावलेल्या बागेत थेरेट्रा प्रजातीचे पतंग हमखास येतात. यांतल्या दोन जातींत फरक करणे तुलनेने सोपे आहे: थेरेट्रा ओल्डनलँडीच्या पोटावर पाठीच्या बाजूने दोन समांतर रुपेरी रेघा असतात, थेरेट्रा सिल्हेटेन्सिसच्या पाठीवर एकच. पतंग ताजा असेल तर एवढे पुरते. झिजलेल्या पतंगात दोन रेघा एकमेकींत मिसळतात, आणि मग फोटोवरून ठामपणे नाव सांगणाऱ्यापासून सावध राहिलेले बरे.

कवटीची खूण असलेल्या ॲकेरोंशिया प्रजातीत जगभरात तीनच जाती आहेत. ॲट्रोपोस ही युरोप-आफ्रिकेकडची. भारतात स्टिक्स आणि लॅकेसिस. कवटी तिन्हींत असते, म्हणून तिच्याकडे पाहून काही ठरत नाही. मागचा पंख उघडा पडला तर निकाल लागतो. लॅकेसिसच्या मागच्या पंखाचा बुडखा बराच काळा असतो, स्टिक्सचा पिवळा राहून त्यावर गडद पट्टे असतात. लॅकेसिसच्या पोटावर काळपटपणाही जास्त. दोघेही मधमाश्यांच्या पोळ्यात मधासाठी शिरतात आणि हाताळले तर चिरकतात, त्यामुळे वागण्यावरूनही ओळख पटत नाही.

शेतकऱ्यांना जास्त सतावणारे त्रिकूट म्हणजे फळातील रस शोषणारे पतंग, युडोसिमा प्रजाती. यांची सोंड कडक असते. संत्रे-मोसंबीची साल भोकून ते रस पितात. अळ्या मात्र फळबागेत वाढत नाहीत, त्या गुळवेल आणि तिच्या कुळातल्या वेलींवर वाढतात. गुळवेल औषधी म्हणून कुंपणावर चढवायची पद्धत शहरातही आहे, आणि तिथेच या अळ्या दिसतात. बसलेल्या पतंगाचा पुढचा पंख वाळक्या पानासारखा असतो आणि ओळखीची खूण नारिंगी मागच्या पंखावर झाकलेली राहते. युडोसिमा मॅटर्नाच्या मागच्या पंखावर गोल काळा ठिपका असतो, युडोसिमा फॅलोनियाच्या पंखावर वाकडी जाड काळी खूण. होमेना ही तिसरी जात फॅलोनियात सहज मिसळते. बसलेल्या पतंगाचे कितीही सुंदर फोटो काढले तरी ही गाठ सुटत नाही. भिंतीखाली पालीने टाकून दिलेला एक मागचा पंख त्यापेक्षा उपयोगी पडतो.

येऊर किंवा घोडबंदर भागात दिसलेल्या अजस्र पतंगाची बातमी दर पावसाळ्यात ‘ॲटलास’ या नावाने येते. त्या नावाची जात, ॲटॅकस ॲटलास, हिमालयाच्या पायथ्यापासून आग्नेय आशियापर्यंत पसरलेली आहे. दक्षिण भारत आणि श्रीलंकेतली जात ॲटॅकस टॅप्रोबानिस. या प्रजातीचे सविस्तर पुनरावलोकन १९८९ मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्यात टॅप्रोबानिस स्वतंत्र जात म्हणून मांडली आहे. सह्याद्रीच्या पट्ट्यातले पतंग बहुतेक अभ्यासक आता टॅप्रोबानिस म्हणूनच नोंदवतात. वर्तमानपत्रे मात्र जुने नाव सोडायला तयार नाहीत.

पावसाच्या तोंडावर दिव्यांभोवती गर्दी करणारे, पिवळट-तपकिरी, केसाळ युप्टेरोट प्रजातीचे पतंग हा वेगळा विषय आहे. शेवग्याच्या खोडावर झुंडीने चिकटलेल्या सुरवंटांमुळे ही प्रजाती लोकांना माहीत असते. पंखांवरच्या नागमोडी रेघा एकाच जातीत कमीजास्त होतात आणि दोन जातींत सारख्याही दिसतात. इथे फोटोवरून प्रजातीपर्यंतच जावे हे बरे.

साग आणि तिवर

येऊरच्या सागाची पाने पावसाळ्यात दोन निरनिराळ्या पद्धतींनी खाल्लेली दिसतात. हायब्लिया प्युएराची अळी कोवळ्या पानाचा मुख्य शिरा सोडून फडशा पाडते. युटेक्टोना मॅकेरॅलिसची अळी जून पानाचा गर खरवडून शिरांची जाळी शिल्लक ठेवते. झाडाकडे बघूनच कोण आले होते ते कळते. पण याच मॅकेरॅलिसला आग्नेय आशियात एक जुळी जात आहे, पालिगा डॅमास्टेसालिस, आणि मलेशियात सागावरची कीड तपासल्यावर ती डॅमास्टेसालिस असल्याचे १९९८ मध्ये नोंदवले गेले. किडीचे झाड सारखे, नुकसान सारखे, पतंग वेगळा.

हायब्लियाची गोष्ट ठाण्याच्या अधिक जवळची आहे. खाडीकाठची तिवरे पावसाळ्याच्या उत्तरार्धात एकाएकी तपकिरी पडल्याच्या तक्रारी होतात, कोणीतरी विषारी पाणी सोडल्याचा संशय घेतला जातो, आणि कारण निघते हायब्लियाच्या अळ्या. झाडांना पुढे नवी पालवी फुटते. प्रश्न असा, की सागावरची हायब्लिया आणि खारफुटीवरची हायब्लिया एकच का? हे नाव आशियापासून अमेरिकेपर्यंतच्या पतंगांना लावले जाते, आणि एवढ्या पसाऱ्यात एकच जात असावी यावर सगळ्यांचा विश्वास नाही. डोंगरावर साग आणि पायथ्याशी तिवर अशी रचना ठाण्यात आयती मिळते; दोन्ही झाडांवरच्या अळ्या गोळा करून, एकमेकींच्या झाडांवर वाढवून तुलना करायला याहून सोयीची जागा शोधावी लागेल.

शरीरांतर्गत खुणा

पंख काही सांगत नाहीत तेव्हा पोट उघडावे लागते. पतंगाच्या पोटाचा भाग वेगळा करून दहा टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये ठेवतात. मऊ ऊती विरघळतात, जननेंद्रियांचे कडक भाग उरतात. ते धुऊन, अल्कोहोलमध्ये नेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. नराचे पकडीचे चिमटे आणि मादीच्या शुक्राणू-पिशवीची नळी यांची घडण जातीगणिक वेगळी असते. हे का, याचे एक उत्तर लेऑन द्यूफूरने १८४४ मध्ये दिले: दोन जातींचा संकर टळावा म्हणून नर-मादीची इंद्रिये एकमेकांना नेमकी बसणारी झाली. हे स्पष्टीकरण सर्वत्र टिकत नाही. जोडीदाराच्या निवडीतूनही असे फरक वाढतात. ओळखीसाठी मात्र त्या फरकांचा उपयोग निर्विवाद आहे.

पाने खाणाऱ्या स्पोडोप्टेरा लिटुरा आणि आफ्रिका-भूमध्य भागातल्या स्पोडोप्टेरा लिट्टोरालिस यांना बाहेरून वेगळे करणे जवळजवळ अशक्य. इथे जननेंद्रियेच पाहावी लागतात. ही निव्वळ पुस्तकी हौस नव्हे. नवी मुंबईतून परदेशी जाणाऱ्या भाजीपाल्यात अळी सापडली तर तिचे नाव लागते, कारण लिटुरा युरोपीय संघाच्या विलगीकरण यादीत आहे. याच प्रजातीतली अमेरिकन लष्करी अळी, स्पोडोप्टेरा फ्रूजीपर्डा, २०१८ मध्ये कर्नाटकात प्रथम आढळली आणि त्याच वर्षी महाराष्ट्राच्या मक्यावर आली. तिला मात्र अळी असतानाच ओळखता येते: डोक्यावर उलट्या ‘वाय’सारखी फिकट खूण आणि शेपटीकडच्या एका वलयावर चौकोनात मांडलेले चार काळे ठिपके.

काही जातींना एकमेकींपासून वेगळे ठेवते ते गंधाचे प्रमाण. हरभऱ्यावरची घाटेअळी म्हणजे हेलिकोव्हर्पा आर्मिजेरा. तिची मादी दोन रसायने सुमारे ९७ ला ३ या प्रमाणात सोडते. तंबाखूच्या कुळातल्या वनस्पतींवर वाढणारी हेलिकोव्हर्पा आसुल्टा तीच दोन रसायने जवळजवळ उलट्या प्रमाणात वापरते. कामगंध सापळ्याची वडी त्यामुळेच एका जातीच्या नरांना ओढते आणि दुसऱ्या जातीचे नर तिच्याकडे फिरकत नाहीत.

जनुकीय ओळखपट्टी

पॉल हेबर्ट आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये सुचवलेल्या पद्धतीत मायटोकाँड्रियातल्या एका जनुकाचा साधारण ६५० अक्षरांचा तुकडा वाचतात. वाळलेल्या पतंगाचा एक पाय पुरतो. नर-मादी किंवा अळी-पतंग यांची सांगड घालायला हे साधन फार चांगले. पण मायटोकाँड्रिया फक्त आईकडून येते. संकर झाला असेल किंवा वोल्बाकिया हा जिवाणू पसरला असेल तर ओळखपट्टी चुकीची दिशा दाखवते. नुकत्याच विभागलेल्या जातींत फरकच नसतो. शिवाय संग्रहातल्या मूळ नमुन्याला चुकीचे नाव दिलेले असेल तर यंत्र तीच चूक इमानेइतबारे पुढे पाठवते. माझ्या मते जननेंद्रियांचा पुरावा सोबत नसलेली जनुकीय ओळख अर्धीच धरावी.

वर्गीकरणाचा इतिहास

भारतीय पतंगांची पहिली मोठी सूत्रबद्ध मांडणी जॉर्ज हॅम्पसनने १८९२ ते १८९६ दरम्यान चार खंडांत केली. पंखांतल्या शिरांची रचना हा त्याचा मुख्य आधार. मुंबई इलाख्यातले वनाधिकारी टी. आर. बेल यांनी कारवारला अळ्या पाळून त्यांचे आयुष्यक्रम टिपले; स्कॉटसोबत त्यांनी लिहिलेला स्फिंजिडी कुळावरचा (वरचे थेरेट्रा आणि ॲकेरोंशिया याच कुळातले) खंड १९३७ मध्ये आला. अळीचे अन्नझाड हा ओळखीचा पुरावा मानायची सवय आपल्याकडे त्यांच्यामुळे लागली असे म्हणायला हरकत नाही. हॅम्पसनने ज्या नमुन्यांवरून नावे दिली त्यांतले बरेच लंडनच्या संग्रहालयात आहेत, आणि जात पक्की करायची तर शेवटी तिथल्या नमुन्याशीच पडताळावे लागते. जवळची सोय म्हणजे १८८३ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचा मुंबईतला संग्रह.

कुळांची मांडणी २०१०नंतरच्या काही वर्षांत पार बदलली. केसाळ सुरवंटांचे आर्क्टिडी आणि लायमँट्रिडी ही जुनी कुळे एरेबिडी या विस्तारलेल्या कुळात उपकुळे झाली. वर उल्लेखलेले युडोसिमा आणि क्रिएटोनोटस आता एकाच कुळात येतात. जुन्या पुस्तकावरून काम करणाऱ्याने कुळाचे नाव तपासून घ्यावे.

नोंद कशी करावी

फोटो वरून, बाजूने आणि शक्य तर खालून घ्यावा. शेजारी मोजपट्टी असावी, शृंगिका (डोक्यावरच्या मिशा) स्पष्ट दिसाव्यात. तारीख, जागा, आसपासची झाडे लिहावीत. अळी मिळाली तर अन्नझाडासकट वाढवणे हा सर्वांत खात्रीचा मार्ग. मोबाईलवरची ॲप ज्या जातींचे फोटो जास्त आहेत त्यांच्याकडे झुकतात, म्हणून त्यांनी सुचवलेले नाव ही फक्त सुरुवात. मॅक्रोग्लोसम प्रजातीचे दिवसा उडणारे पतंग तर ‘हमिंगबर्ड दिसला’ म्हणून नोंदवले जातात. तो पक्षी भारतात नाहीच, आणि या पतंगांच्या भारतातल्या अनेक जाती फोटोवरून सुटत नाहीत. अशा वेळी ‘मॅक्रोग्लोसम, जात अनिश्चित’ हीच योग्य नोंद. चुकीचे जातिनाव यादीत शिरले की ते काढायला पुढच्याला दुप्पट कष्ट पडतात.

रात्री पांढरा पडदा आणि दिवा लावून निरीक्षण करायची पद्धत सर्वत्र आहे. येऊर राष्ट्रीय उद्यानात असल्याने तिथे त्यासाठी आणि नमुने गोळा करण्यासाठी वन विभागाची परवानगी लागते. गृहसंकुलाच्या गच्चीवर अशी अडचण नसते. जुलैच्या अखेरीस जगभर पतंग सप्ताह पाळला जातो. २०१२ मध्ये अमेरिकेतून सुरू झालेला हा उपक्रम आपल्याकडच्या ऐन पावसात येतो. घरी ठेवलेल्या नमुन्यांना ठाण्याच्या दमट हवेत बुरशी लवकर धरते, म्हणून पेटी घट्ट बंद, आत डांबरगोळ्या आणि ओल शोषणारी सिलिका जेलची पाकिटे असावीत. टाचणीला लावलेल्या चिठ्ठीवर ठिकाण आणि तारीख नसेल तर नमुन्याला शास्त्रीय किंमत उरत नाही.