दहा वर्षांचा व्हिसा आणि दहा वर्षांचं ग्रीन कार्ड : अर्धं वर्ष अमेरिकेत काढणाऱ्या आईबाबांनी काय घ्यावं?

मुलगा किंवा मुलगी अमेरिकेची नागरिक झाली की घरात हमखास एक प्रस्ताव येतो : "आता तुमचंही ग्रीन कार्ड करून टाकू, सारखी व्हिसाची कटकट नको." पर्यटक व्हिसा दहा वर्षांचा, ग्रीन कार्डही दहा वर्षांचं, मग जास्त सवलतीचं तेच घ्यावं, असा साधा हिशोब असतो. तो इथेच चुकतो. व्हिसाची दहा वर्षं म्हणजे तेवढ्या काळात अमेरिकेच्या विमानतळावर उतरून प्रवेश मागण्याची मुभा. कार्डावरची दहा वर्षं ही नुसती त्या प्लास्टिकच्या तुकड्याची मुदत. त्यामागचा दर्जा कायम रहिवाशाचा आहे आणि 'माझं घर आता अमेरिकेत आहे' यावर तो टिकून असतो. हिवाळा पुण्यात आणि उन्हाळा न्यू जर्सीत, असा निवृत्तीचा बेत असेल तर आपलं घर नक्की कुठलं, हे आधी ठरवावं लागतं.

आधी पर्यटक व्हिसा, म्हणजे बी-१/बी-२. यात सगळ्यात जास्त घोळ तारखांचा होतो. पासपोर्टमधल्या व्हिसावर २०३३ लिहिलंय म्हणून तोपर्यंत राहता येत नाही. किती दिवस राहायचं ते विमानतळावरचा अधिकारी ठरवतो. बहुधा सहा महिने मिळतात आणि ती तारीख आय-९४ नावाच्या नोंदीत जाते. आता त्याचा कागद हातात देत नाहीत. सीबीपीच्या, म्हणजे विमानतळावर प्रवेश तपासणाऱ्या अमेरिकी सरकारी विभागाच्या, संकेतस्थळावर पासपोर्ट क्रमांक टाकून तो उतरवून घ्यायचा. पोहोचल्यावर दोन-चार दिवसांत हे काम उरकावं, कारण तारीख चुकीची पडली असेल तर ती लगेच दुरुस्त करून घेणं सोपं असतं. ही तारीख एका दिवसानं जरी उलटली तरी दहा वर्षांचा व्हिसा आपोआप रद्द होतो. १८० दिवसांहून जास्त बेकायदा राहून परतलात तर तीन वर्षं प्रवेशबंदी, एक वर्ष किंवा अधिक राहिलात तर दहा वर्षं. आजारपणामुळे किंवा शस्त्रक्रियेमुळे निघता येत नसेल तर तारीख संपायच्या आत मुदतवाढीचा फॉर्म आय-५३९ भरायचा आणि सोबत डॉक्टरांचं पत्र जोडायचं. केवळ 'अजून थोडं राहू' म्हणून दर वेळी मुदतवाढ मागितली तर पुढच्या खेपेला विमानतळावर प्रश्न वाढतात.

'सहा महिने राहिलात तर सहा महिने बाहेर काढा' असा लेखी नियम कुठेही नाही. पण जेवढे दिवस तिथे राहिलात त्याहून जास्त दिवस भारतात काढणं हा शहाणपणाचा अंदाज आहे. सहा महिने राहून, चार आठवड्यांत परत सहा महिन्यांचं तिकीट काढून गेलात, तर तुम्ही पाहुणे नसून राहायलाच आला आहात असं अधिकाऱ्याला वाटू शकतं आणि तो कमी दिवस देऊ शकतो किंवा परतही पाठवू शकतो. 'नातवंड सांभाळायला चाललोय' हे वाक्यही जपून वापरावं. आजी-आजोबांनी नातवाला खेळवणं ही नोकरी नव्हे, पण पगारी दाईऐवजी आणलं जातंय असा समज झाला तर प्रकरण वाढतं. खोटं मात्र काहीही सांगू नये. मुलाकडे राहायला, बाळाला भेटायला आलोय, अमुक तारखेचं परतीचं तिकीट आहे : एवढं खरं उत्तर पुरेसं असतं.

आता ग्रीन कार्ड. वयाची २१ वर्षं पूर्ण केलेलं आणि स्वतः अमेरिकेचं नागरिक असलेलं अपत्यच आईवडिलांसाठी अर्ज करू शकतं. मुलाकडे नुसतं ग्रीन कार्ड असून भागत नाही. आईवडिलांना रांग नाही, म्हणजे भावंडांच्या अर्जासारखी वर्षानुवर्षं वाट पाहावी लागत नाही. नातेवाइकासाठी करायचा हा अर्ज, म्हणजे फॉर्म आय-१३०, मात्र आईचा वेगळा आणि वडिलांचा वेगळा. एकाच अर्जात दोघं बसत नाहीत, आणि नेमकी हीच चूक वारंवार होते. मंजुरीनंतर मुलानं उत्पन्नाची हमी, म्हणजे आय-८६४, द्यायची आणि मुलाखत मुंबईत बीकेसीच्या कॉन्सुलेटमध्ये.

मराठी घरांतून खरी दमछाक होते ती कागदांपाशी. आईच्या अर्जाला मुलाचा जन्मदाखला पुरतो, पण वडिलांच्या अर्जाला आईवडिलांचा विवाहदाखलाही लागतो. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीच्या लग्नाची नोंदणी बहुतेकांनी केलेली नसते, आणि लग्नपत्रिका व फोटो हे दाखल्याऐवजी चालत नाहीत. महापालिकेत किंवा ग्रामपंचायतीत उशिरा नोंदणी करून घ्यावी लागते. आईचं नाव हे दुसरं दुखणं. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर 'कुसुम' आणि माहेरचं आडनाव, लग्नात तांदळात लिहिलेलं नाव 'माधुरी', पासपोर्टवर तेच, आणि मुलाच्या जन्मदाखल्यावर कुणीतरी घरातलं हाकेचं नाव टाकलेलं. या तिन्ही बायका एकच आहेत हे सांगणारं प्रतिज्ञापत्र आणि शक्य असेल तर राजपत्रातली नोंद आधीच तयार ठेवावी. आईवडिलांच्या जन्माची नोंदच नसेल तर संबंधित कार्यालयाकडून अनुपलब्धतेचा दाखला घ्यायचा आणि त्याला शाळेचा दाखला व जवळच्या ज्येष्ठ नातेवाइकाचं प्रतिज्ञापत्र जोडायचं. मुलाच्या जन्मदाखल्यात बाळाच्या नावाची जागा रिकामी असेल तर नाव घालून नवा दाखला काढायचा. हे सगळं अर्ज भरण्याआधी. नंतर धावपळ केली की एकेका कागदापायी महिने जातात.

कार्ड मिळालं की ते टिकवणं हे वेगळंच काम. 'सहा महिन्यांतून एकदा जाऊन पाय लावून आलं की झालं' हा समज जवळजवळ प्रत्येक घरात आढळतो आणि तो चुकीचा आहे. सहा महिन्यांच्या आतली गैरहजेरी सहसा खपते, १८० दिवसांपुढे कसून चौकशी होऊ शकते, आणि सलग एक वर्ष किंवा जास्त बाहेर राहिलात तर नुसतं कार्ड दाखवून आत जाता येत नाही. पण दिवस मोजणं हा झाला वरवरचा भाग. अमेरिकेतला मुक्काम तुम्ही सोडून दिलाय का, हे अधिकारी एकूण चित्रावरून ठरवतो : तिथे पत्ता आहे का, कराचं विवरणपत्र भरता का, बँक, लायसन्स, विमा कुठला. दर वर्षी तीन आठवडे तिथे आणि बाकी सगळं वर्ष सदाशिव पेठेत, अशी नोंद दिसली तर सहा महिन्यांचं गणित सांभाळूनही कार्ड धोक्यात येतं. लांब राहायचंच असेल तर निघण्यापूर्वी आय-१३१ भरून दोन वर्षांचा री-एंट्री परमिट, म्हणजे परत आत येण्याचा परवाना, घेता येतो. तो अर्ज अमेरिकेत असतानाच करायचा, भारतातून नाही.

आणि मग कर, ज्याचा विचार सहसा सगळ्यात शेवटी होतो. ग्रीन कार्डधारक जगात कुठेही राहो, त्याची जगभरची कमाई अमेरिकेच्या विवरणपत्रात दाखवावी लागते. पेन्शन, मुदत ठेवींचं व्याज, भाडं, सगळं. पीपीएफचं व्याज भारतात करमुक्त, तिथे करपात्र. भारतीय म्युच्युअल फंडांना तिथे पीएफआयसी (परदेशी गुंतवणूक कंपन्यांचा एक करवर्ग) म्हणतात, त्यांसाठी फॉर्म ८६२१ आणि जाचक करआकारणी. वर्षात कधीही सगळ्या परदेशी खात्यांची बेरीज १०,००० डॉलरच्या वर गेली की एफबार, म्हणजे परदेशी खात्यांची माहिती देणारा फॉर्म, भरायचा, आणि त्यात मुलांच्या किंवा भावाच्या नावासोबत तुमचं नाव असलेलं संयुक्त खातंही धरायचं. दोन मुदत ठेवी असल्या तरी ही मर्यादा ओलांडली जाते. 'मी अनिवासी' असं विवरणपत्रात लिहून यातून सुटायला गेलात तर तेच कार्ड सोडल्याचा पुरावा ठरू शकतं.

पर्यटक व्हिसावाले करातून पूर्ण सुटतात असं मात्र समजू नका. चालू वर्षाचे दिवस, अधिक मागच्या वर्षाचे एकतृतीयांश, अधिक त्यामागच्या वर्षाचे एकषष्ठांश, ही बेरीज १८३ झाली की करापुरते तुम्ही तिथले रहिवासी. दर वर्षी १२२ दिवस राहिलात की बेरीज बरोबर १८३ भरते. १८० दिवसांच्या नेमानं ती २७० होते. यावर उतारा आहे : त्या कॅलेंडर वर्षात १८३ पेक्षा कमी दिवस राहिला असाल आणि घरदार, बँक, मतदान, कुटुंब यांचा जास्त संबंध भारताशी असेल, तर फॉर्म ८८४० भरून अनिवासी राहता येतं. तिथला पगार नसणाऱ्यांना त्याची मुदत पुढच्या वर्षी १५ जून.

इथे दोन्ही वाटा एकमेकींना छेद देतात. 'असू दे, आय-१३० भरून ठेवू, जायचं तेव्हा जाऊ' असं केलं की फॉर्म ८८४० चा मार्ग बंद होतो, कारण कायम रहिवासी होण्याचं पाऊल तुम्ही उचललेलं असतं. शिवाय पर्यटक व्हिसाच्या अर्जात, डीएस-१६० मध्ये, 'तुमच्यासाठी कुणी स्थलांतराचा अर्ज केला आहे का' हा प्रश्न असतो. 'हो' लिहिल्यावर परत येण्याचा इरादा पटवणं अवघड, आणि 'नाही' लिहिणं म्हणजे खोटी माहिती देणं. त्यामुळे हा अर्ज 'राखून ठेवण्यासारखा' मुळीच नाही.

आरोग्यविम्यात दोन्हीकडे खड्डे आहेत. पर्यटकांच्या पॉलिसीत जुना मधुमेह, हृदयविकार सहसा बाहेर. फार तर अचानक उफाळलेल्या दुखण्याला मर्यादित संरक्षण. स्वस्त 'फिक्स्ड बेनिफिट' पॉलिसीत प्रत्येक बाबीला ठरावीक रक्कम मिळते आणि उरलेलं बिल आपल्या अंगावर येतं. परवडत असेल तर 'कॉम्प्रिहेन्सिव्ह' घ्यावी. ग्रीन कार्डवाल्यांना मेडिकेअर, म्हणजे ज्येष्ठांसाठीचा सरकारी आरोग्यविमा, मिळतं, पण वय ६५ आणि अमेरिकेत सलग पाच वर्षांचा निवास झाल्यावर. तिथे नोकरी न केलेल्यांना ते फुकट नाही : २०२५ मध्ये पार्ट बी (डॉक्टरांचा खर्च) महिना १८५ डॉलर आणि पार्ट ए (रुग्णालयाचा खर्च) ५१८ डॉलरपर्यंत होता, माणशी. भारतातला उपचार त्यात बसत नाही, त्यामुळे इथला मेडिक्लेमही चालू ठेवावा लागतो.

तेव्हा वर्षातले चार-पाच महिने जायचं, घर, डॉक्टर, ठेवी सगळं इथेच, असं असेल तर पर्यटक व्हिसाच घ्या. दोघांपैकी एक जण मागे राहिला आहे, इथे पाहणारं कुणी नाही आणि घर आवरून कायमचं मुलाकडे जायचं ठरलं आहे, अशा वेळी ग्रीन कार्डाचा अर्ज करा आणि त्याआधी म्युच्युअल फंडांचं काय करायचं ते दोन्ही देशांचं करशास्त्र जाणणाऱ्या सीएला विचारा. ज्यांनी हौसेनं कार्ड घेतलंय आणि वर्षातून दोनदा धावतपळत ये-जा करून दमलेत, त्यांना ते फॉर्म आय-४०७ भरून आपणहून परत करता येतं. मात्र आठ किंवा जास्त वर्षं कार्ड असेल तर आधी सीएकडे, कारण मग एक्झिट टॅक्सचे, म्हणजे कार्ड सोडताना लागणाऱ्या कराचे, नियम लागू होऊ शकतात. विमानतळावर कुणी दबाव टाकला म्हणून मात्र त्यावर सही करू नये. प्रकरण इमिग्रेशन न्यायाधीशापुढे नेण्याचा हक्क असतो. आपल्या मर्जीनं केलेल्या आय-४०७ ची प्रत जपून ठेवावी आणि पुढे बी-२ साठी मुलाखतीला जाताना ती फाइलमध्ये सगळ्यात वर लावावी.